धडा तिसरा : विशेषणे

बावीस वर्षं इतवारीतल्या दुकानात
मी बाटल्यांवर लॅटिन लिहिलं
एका शब्दाचाही अर्थ न कळता.
अर्निका मोंटाना. ब्रायोनिया आल्बा. नक्स व्होमिका.
पांढरीपांडे डॉक्टर आतून आवाज द्यायचे,
मी गोळ्या भरायचे, चार थेंब, बूच, लेबल.
स्पेलिंग कधी चुकलं नाही.

मार्चमध्ये दुकान बंद झालं.
उरलेल्या लेबलांची नऊ पाकिटं घरी आणली
आणि मे महिन्यात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून,
सेमिनरी हिल्स चढले.

फादर कुरियाकोस म्हणाले, या वयात कशाला?
म्हटलं, इतक्या कागदांवर सही केली,
एकदा वाचून तरी पाहते.
फी घेत नाहीत. वही मात्र तपासतात.

वर्ग म्हणजे एक कूलर, दोन पोरं आणि मी.
गुमल्याचा अनुग्रह तिर्की, अचलपूरचा जोएल साळवे,
दोघांची वयं मिळवली तरी माझ्याएवढी होत नाहीत.
फळ्यावर नाउता, नाउताए, नाउताम :
खलाशी, खलाशाचा, खलाशाला.
समुद्र इथून कुठल्याही बाजूला
रेल्वेची एक अख्खी रात्र लांब.
तिघांपैकी कुणी पाहिलेला नाही.
तरी खलाशी आम्ही सहाही विभक्त्यांत चालवतो,
पाणी नसताना.

स, ला, ते. स, ला, ना, ते.
मौद्याच्या शाळेत बाई पट्टीनं ताल धरायच्या,
तो अजून मनगटात आहे.
ऊन, हून. चा, ची, चे.
पोरं अडखळतात, मी नाही.
त्यांची अ‍ॅब्लेटिव्ह सगळ्यांना अवघड जाते :
आपली तृतीया, पंचमी, थोडी सप्तमी
एकाच पिशवीत कोंबलेली.
मला ती चटकन ओळखू आली.
तिघींचं काम करणारी एकटी बाई
आमच्याही दुकानात होती.

शब्द मात्र राहत नाहीत.
रात्री पाठ केलेले वीस, सकाळी सात.
म्हणून लेबलं काढली.
माठावर आक्वा. दारावर यानुआ. मिठाच्या बरणीवर साल.
सून म्हणाली, आई, पाहुणे येतात घरी.
म्हटलं, सुनेला नुरुस म्हणतात,
तुझ्या कपाळावर लावू का?

काल तिसरा धडा.
आमारुस, आमारा, आमारुम.
फादरनी अर्थ लिहिला : कडू.
मी खडूकडे पाहत राहिले.

इग्नेशिया आमारा.
घरात मौत झालेली माणसं यायची,
डॉक्टर आतून एवढंच म्हणायचे, इग्नेशिया,
आणि मी लिहायचे. लिहिताना वाटायचं,
आमारा म्हणजे अमर, दुसरं काय असणार.
हंसापुरीची ती बाई,
काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी,
"पोरगं गेलं वं माह्यं,"
तिला मी बाटली देताना सांगितलं होतं,
घ्या, यात अमर आहे.
तिनं पदराच्या टोकात बांधली ती.
पंधरा दिवसांनी परत आली, म्हणाली,
झोप लागते आता. तेच द्या. अमरवालं.

अनुग्रहनं विचारलं, आंटी, तब्येत ठीक?
म्हटलं, कूलरचं पाणी संपलंय, बघ.

गोळ्या तर साखरेच्या होत्या.

वर्ग सुटल्यावर फादरना विचारलं,
मग अमरला काय म्हणतात?
त्यांनी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा लिहिलं,
इम्मोर्तालिस,
सावकाश, एकेक अक्षर सुटं.

पर्समधून लेबल काढून मोजून पाहिलं.
एवढा लांब शब्द
त्या बाटलीवर मावलाच नसता.